भुवया : ताज्या की टिकाऊ?

२०२० च्या जून महिन्यात महाराष्ट्र सरकारपुढे गंभीर प्रश्नांची कमतरता नव्हती. करोना वाढत होता, लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती आणि बायकोच्या हातून केस कापून घेतलेले नवरे ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बिघडल्याचं सांगत होते. अशा काळात २८ जूनपासून सलून आणि ब्युटी पार्लर उघडायला परवानगी मिळाली, पण सरसकट नाही. केस कापणं, केस रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एवढंच चालेल, त्वचेचे उपचार चालणार नाहीत, असं ठरलं. म्हणजे चेहरे उजळले नाहीत तरी राज्य चालेल, भुवया वाढलेल्या चालणार नाहीत, हे मंत्रालयात बसलेल्या कुणाला तरी नेमकं कळलेलं होतं. ही व्यक्ती विवाहित असावी.

अडचण एवढीच होती की थ्रेडिंगचा दोरा एरवी दातांत धरतात आणि दातांवर मास्क सक्तीचा. त्यावरही तोड निघाली. अनेक पार्लरवाल्यांनी दोऱ्याचं टोक मानेत अडकवलं आणि काम सुरू केलं. गिऱ्हाइकाने ‘आई गं’ म्हटलं की पूर्वी मिळणारं हसू तेवढं मास्कमागे राहिलं.

थ्रेडिंग हे काम खरं तर जवळून बघण्यासारखं. पण ज्या डोळ्यांनी बघायचं ते मिटलेले असतात, आणि एका हाताने पापणी नि दुसऱ्या हाताने कपाळ ताणून धरायची जबाबदारी गिऱ्हाइकाचीच असते. पैसे मोजून वर मदतनीसाचं कामही आपणच करायचं, असे धंदे जगात फार नाहीत. ‘घट्ट धरा हं ताई, नाहीतर कट जाईल,’ अशी ताकीद येते. भुवईवर पावडर पडते. सुती दोऱ्याचं एक टोक दातांत, मध्ये काही पीळ, आणि उरलेला फास दोन्ही हातांच्या बोटांत. बोटं उघडली-मिटली की पीळ पुढे सरकतो आणि वाटेतली केसांची ओळच्या ओळ मुळासकट उपटत जातो. कर्र-कर्र असा आवाज थेट कवटीतून ऐकू येतो. डोळ्यांतून पाणी ठरलेलं. काहींना शिंका येतात, कारण भुवईच्या आणि नाकाच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या शाखा एकाच मज्जातंतूच्या. अशा शिंकणाऱ्या बाईची ख्याती पार्लरभर असते. ती आली की अनुभवी ताई नवशिक्या मुलीला पुढे करते.

पाच-सात मिनिटं, पन्नास-साठ रुपये, वरून कोरफडीच्या जेलचा हात. एवढ्या वेळात संभाषणही व्हावं लागतं, आणि ते गावोगावी एकच असतं.

‘मागच्या वेळी कुठे केल्या होत्या?’

‘इथेच की.’ हे खोटं असतं. नणंदेच्या लग्नाला नाशिकला गेलेली असताना तिथल्याच पार्लरमध्ये केलेल्या असतात.

‘नाही हो. शेप बिघडवलाय कुणीतरी.’

जगातल्या प्रत्येक पार्लरवालीला आधीच्या पार्लरवालीने शेप बिघडवलेला दिसतो. त्यानंतर ‘बारीक नको, फक्त खालून काढ’ अशी सूचना देऊन गिऱ्हाईक डोळे मिटतं आणि निर्णयाचा अधिकार तिथेच संपतो. आरशात बघितल्यावर डावी किंचित जाड वाटते. डावी कमी केली की उजवी जाड. दोन मांजरांच्या भांडणात माकडाने लोणी वाटून दिलं, त्याच न्यायाने दोन्ही बाजू समान होईपर्यंत लोणी संपत येतं.

तरीही या दोऱ्याची महती मोठी आहे. इराणमध्ये जुन्या रीतीप्रमाणे मुलीच्या चेहऱ्याला दोरा लागायचा तो लग्न ठरल्यावर, त्याचा घरात बायकांनी मिळून साजरा करायचा समारंभच असे. आपल्याकडे हल्ली दहावीची परीक्षा संपली की पुरतं. आणि परदेशातल्या मॉलमध्ये भारतीय उपखंडातल्या बायकांनी हाच दोरा एवढा नेला की तो एकदा न्यायालयात पोहोचला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात थ्रेडिंग करायला परवाना लागे, आणि परवान्यासाठी ७५० तासांचं प्रशिक्षण. आशिष पटेल आणि इतर काही जण त्याविरुद्ध लढले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यातल्या सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी काही संबंधच नाही, तेव्हा ही सक्ती घटनेत बसत नाही. कुठल्याशा चाळीच्या तळमजल्यावर प्लॅस्टिकच्या पडद्याआड मावशीकडे बघून बघून शिकलेली विद्या राज्यघटनेच्या कसोटीला उतरली, हे डोंबिवलीत अजून पुरेसं साजरं झालेलं नाही.

एवढा पराक्रमी दोरा असताना आता त्याच पार्लरच्या भिंतीवर नवं दरपत्रक लागलं आहे. टिंटिंग, हेना ब्राउज, लॅमिनेशन, मायक्रोब्लेडिंग, पावडर ब्राउज, नॅनो ब्राउज. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलं तर बोटॉक्स आणि केसांचं प्रत्यारोपण. पूर्वी प्रश्न एकच होता : जाड की बारीक? आता बाई दरपत्रकापुढे उभी राहते आणि तिला वाटतं, आपण आकार निवडतोय. खरं तर ती मुदत निवडत असते. थ्रेडिंग तीन आठवडे, लॅमिनेशन सहा ते आठ आठवडे, मायक्रोब्लेडिंग वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त, प्रत्यारोपण जन्मभर. किंमतही त्याच क्रमाने चढते. चूक जितकी टिकाऊ, तितकी महाग.

एवढा जिवाचा आटापिटा दीड इंच केसांसाठी का, असं घरातला एखादा पुरुष विचारतोच. त्याच्यासाठी एक अभ्यास हाताशी ठेवावा. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक असलेले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नामवंतांचे फोटो घेऊन काहींचे डोळे पुसले, काहींच्या भुवया पुसल्या आणि लोकांना ओळखायला सांगितलं. फोटोंत माजी राष्ट्राध्यक्ष निक्सनही होते. डोळे नसलेले चेहरे सुमारे ५६ टक्के वेळा ओळखता आले, भुवया नसलेले जेमतेम ४६ टक्के. डोळ्यांवर इतकी गाणी झाली आणि ओळख पटवायचं काम मात्र बिचाऱ्या भुवयाच करत होत्या.

हे प्राचीन लोकांना प्रयोगाशिवाय कळलं होतं. हिरोडोटसने लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरातली मांजर मेली की घरातले सगळे भुवया काढून टाकत. कुत्रा मेला तर सगळं अंग. जपानच्या हेआन काळातल्या खानदानी बायका खऱ्या भुवया काढून कपाळावर खूप वर दोन धूसर ठिपके रंगवत, म्हणजे चेहऱ्यावर कायमचं सौम्य आश्चर्य. ताजिकिस्तानात उलट. तिथे दोन भुवया जुळलेल्या असणं हेच सौंदर्य, आणि निसर्गाने मध्ये जागा सोडली असेल तर उस्मा नावाच्या पाल्याचा रस लावून ती भरून काढायची. म्हणजे ठाण्यातली बाई पैसे देऊन जे उपटून घेते, तेच दुशान्बेतली रंगवून घेते.

सिनेमाने हा घोळ वाढवला. १९३०च्या दशकात मार्लिन डीट्रिच आणि जीन हार्लो यांच्या भुवया पेन्सिलीच्या एका रेघेएवढ्या होत्या. नंतर त्या जाड झाल्या, नव्वदच्या दशकात पुन्हा बारीक झाल्या, आणि दोन हजार दहानंतर कारा डेलेव्हिंग्नेच्या दाट भुवयांनी सगळ्यांना पुन्हा शेतीला लावलं. आपल्याकडे बारीक कमानींची लाट ऐन भरात असताना शोभना समर्थांची नात काजोल जुळलेल्या, दाट भुवया घेऊन ‘बाजीगर’मध्ये आली आणि १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये त्याच भुवयांनी मराठा मंदिरात ठाण मांडलं. तरी त्या काळात पार्लरमध्ये जाऊन ‘काजोलसारख्या कर’ असं किती जणी म्हणाल्या असतील? नाव काजोलचं, रेघ दुसऱ्याच कुणाची तरी, असाच कारभार. नव्वदमध्ये वर्षानुवर्षं बारीक उपटून घेतलेल्या बऱ्याच भुवया परत पूर्ण आल्याच नाहीत, कारण तेच मूळ पुन्हा पुन्हा उपटलं की कधी कधी तेही कंटाळतं. आज मायक्रोब्लेडिंगच्या खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या बायकांत या पिढीचा भरणा आहे. एका फॅशनचं बिल दुसरी फॅशन वसूल करते आहे.

आता एकेक प्रकार. टिंट आणि हेना यांत फार अर्थ शोधू नये. केसांना रंग, त्वचेला थोडा डाग, आठवड्याभरात त्वचेवरचा डाग गेला. रात्री एरंडेल तेल चोळणाऱ्यांनीही खुशाल चोळावं. त्याने भुवया वाढतात याला म्हणावा तसा पुरावा नाही, पण उशीचा अभ्रा मऊ राहतो.

लॅमिनेशन मात्र मजेशीर आहे. कार्यालयातल्या जुन्या ओळखपत्रावर करतात ते नव्हे. डोक्याचे केस कुरळे करायच्या पर्मिंगमध्ये जी रसायनं असतात, थायोग्लायकोलिक आम्लाच्या कुळातली, तीच इथे भुवईला लावतात. केसाच्या केराटिनमधले गंधकाचे बंध सुटतात, केस नरम पडतो, मग ब्रशने तो वरच्या दिशेला विंचरून ठेवायचा, दुसऱ्या द्रावणाने बंध पुन्हा जुळवायचे, की केस तसाच उभा. लग्नाच्या आधी विरळ भुवया दाट दिसाव्यात म्हणून हे बरं चालतं. दर साधारण हजार-दीड हजारांपासून सुरू. अट अशी की चोवीस तास भुवयांना पाणी, वाफ, घाम लागू द्यायचा नाही. मुंबईत ही अट जुलै महिन्यात पाळायची तर छत्रीऐवजी घरच पांघरून फिरावं लागेल. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून पळ काढणाऱ्या सुना दिसल्या तर सासवांनी गैरसमज करून घेऊ नये. झोपेत एका कुशीवर राहिल्यामुळे सकाळी एक भुवई स्वर्गाकडे आणि दुसरी कानाकडे, असंही होतं.

मायक्रोब्लेडिंगच्या जाहिरातीत ‘ही काही टॅटू नव्हे’ असं मोठ्या अक्षरात असतं. पेनासारख्या मुठीला बारीक सुयांची एक ओळ बसवलेली असते, तिने त्वचेत केसासारखे चरे पाडायचे आणि त्यात रंग भरायचा. त्वचेत सुईने रंग भरणं यालाच आपल्या आज्या गोंदणं म्हणत. आजीच्या कपाळावरचा हिरवा ठिपका जत्रेत झाडाखाली बसलेल्या बाईने गोंदला होता, बधिर करायचं क्रीम नव्हतं, आणि ‘टच-अपला सहा आठवड्यांनी या’ असंही कुणी सांगितलं नव्हतं. तो ठिपका आजीबरोबरच गेला. नातीच्या भुवईचा रंग मुद्दाम वरच्या थरात भरलेला असतो म्हणून तो फिका पडतो, आणि म्हणूनच पुन्हा पाच आकडी बिल येतं.

ही प्रक्रिया झाल्यावरचा पंधरवडा घरात लपवता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस भुवया इतक्या गडद असतात की लहान मुलं आईला ओळखायला क्षणभर थांबतात. मग खपल्या धरतात, त्या खाजवायच्या नाहीत, ओढायच्या नाहीत, भिजवायच्या नाहीत. खपल्या गळल्या की रंग जवळजवळ गेल्यासारखा वाटतो आणि बाई पार्लरला फोन करून भांडते. तिकडून शांतपणे उत्तर येतं, ‘परत वर येईल, धीर धरा.’ आणि बहुधा येतो. येताना कुठला येईल हे मात्र थोडंफार त्वचेवर असतं. तेलकट त्वचेत बारीक चरे पसरून त्यांची एक पुसट पट्टी होते, म्हणून चांगली कारागीर अशा बाईला ठिपक्या-ठिपक्यांच्या पावडर ब्राउज सुचवते. तपकिरी रंगात लोहाचे ऑक्साइड असतील तर काही वर्षांनी भुवया तांबूस होतात. ते काढायला लेझर मारला तर कधी कधी रंग जाण्याऐवजी काळवंडतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्वचेत टोचायला म्हणून एकाही रंगाला आजवर मान्यता दिलेली नाही, हेही खुर्चीत आडवं होण्यापूर्वी वाचावं. नंतर डोळे मिटावे लागतात.

मोजमाप मात्र इथे देखणं असतं. रोमानियातून लॉस एंजेलिसला आलेल्या अनास्तासिया सोआरे यांनी १९९७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला सलून काढलं आणि भुवईला सुवर्ण गुणोत्तर लावलं. नाकपुडीच्या वर सरळ रेषेत भुवई सुरू व्हावी, नाकाच्या टोकाकडून बुबुळाच्या मध्यावरून गेलेली रेघ जिथे पोहोचेल तिथे कमान, नाकपुडीच्या कडेकडून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून गेलेली रेघ जिथे पोहोचेल तिथे शेपूट. आता पिंपरीपासून पणजीपर्यंत मुली शाई लावलेला दोरा ताणून कपाळावर या रेघा मारतात. सगळं कपाळ भूमितीच्या वहीसारखं दिसू लागतं आणि दहावीला भूमितीत काठावर पास झालेली बाई विचारते, ‘हे कोनमापक न लावता कसं गं जमतं तुला?’

त्याहून पुढची पायरी प्रत्यारोपणाची. ही कल्पना ताजी नाही. शोजी ओकुदा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९३९ मध्येच डोक्याचे केस घेऊन भुवया आणि मिशांच्या जागी लावल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. भाजल्याने किंवा आजाराने भुवया गेलेल्यांना हा उपचार मोठाच आधार आहे. फक्त हौसेने करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भुवईचा केस आखूड राहतो, कारण त्याचा वाढीचा काळ महिना-दोन महिन्यांचा असतो, मग तो थांबतो आणि गळतो. डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढतो. डोक्याच्या मागून उचलून भुवईवर आणला तरी तो आपला स्वभाव सोडत नाही. म्हणजे लाखाच्या घरात खर्च करून मिळालेल्या भुवया दर काही दिवसांनी कात्रीने कापाव्या लागतात. सुट्टीवर गेलेली बाई विसरली तर तिला भुवयांची वेणी घालता येईल.

बोटॉक्स केसांना हात लावत नाही, स्नायूंना लावतो. दोन भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. योग्य ठिकाणी टोचलं की भुवई किंचित वर उचललेली दिसते, तीन-चार महिने टिकते. प्रमाण चुकलं तर भुवईचं बाहेरचं टोकच तेवढं वर जातं आणि बाई सतत दुसऱ्याच्या बोलण्यावर शंका घेत असल्यासारखी दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या आहेत : उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. बोटॉक्सचं काम नीट झालं तर भ्रुकुटी जाते, प्रमाणाबाहेर झालं तर सातांपैकी एकटी सहज उरते. मराठी घरात ही परवडणारी गोष्ट नाही. पाहुण्यांसमोर मुलाने तिसरा लाडू उचलला की आईला तोंडाने काही म्हणता येत नाही, सगळी भिस्त भ्रुकुटीवर असते. त्या घरातली मुलं तीन-चार महिने लाडू खातात.

पुरुष या सगळ्यापासून दूर आहेत असं ते स्वतः समजतात. कॉलेजातली मुलं भुवईत वस्तऱ्याने एक-दोन खाचा पाडून घेतात. ही खूण अमेरिकेतल्या रॅपर मंडळींनी, व्हॅनिला आइस वगैरेंनी, ऐंशी-नव्वदच्या दशकात लोकप्रिय केली, आणि आता ती तालुक्याच्या गावच्या ‘न्यू स्टाइल जेन्ट्स पार्लर’मध्ये दाढीबरोबर मिळते. साठीनंतरच्या काकांची गोष्ट वेगळी. वय वाढलं की डोक्यावरचे केस रजा घेतात आणि भुवयांतले काही केस अचानक लांब, राठ होऊन चष्म्याच्या काचेवर येऊन बसतात. त्यासाठी काका कुठलंही दरपत्रक वाचत नाहीत. ते केस कापायला जातात, अंगावर कापड बांधून डोळे मिटतात, कारागीर कधी तरी कंगवा भुवईवर आडवा धरून दोनदा कात्री चालवतो, पैसे वेगळे घेत नाही, विचारतही नाही.

‘आज काही वेगळे दिसताय,’ घरी आल्यावर काकू म्हणतात.

‘केस कापले.’

काकू चष्मा लावून जवळ येतात. महिनाभरापूर्वी त्यांनी लॅमिनेशनला दीड हजार मोजलेले असतात, आणि उजवी भुवई अजून कानाकडेच बघते आहे.

‘अहो, दोन्ही अगदी सारख्या आल्यात. कुठलं सलून म्हणालात?’